गुरुवारी न मरणाऱ्या कोंबड्या

कोंबडीला घाम येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो आहे की आता झोपेतही बोलत असेन. रावेतला ज्या सोसायटीत मी निवृत्त होऊन राहतो, तिथे लिफ्टमध्ये कोणीतरी विचारतं, "काका, तुम्ही आधी कशात होता?" मी सांगतो, "अंड्यांच्या कोंबड्यांत." समोरचा एक मजला गप्प राहतो आणि पुढच्या मजल्यावर विचारतो, "मग उन्हाळ्यात त्यांना एसी लावता का हो?" त्याच्या चौथ्या मजल्यापर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं मी सांगतो.

घाम येत नाही म्हणून कोंबडी चोच उघडून धापा टाकते. अंगातली उष्णता श्वासावाटे बाहेर काढते, पंख अंगापासून सुटे धरते आणि होईल तितकी गप्प बसून राहते. तिला वाचवायचं म्हणजे पाणी गार ठेवायचं, हवा हलती ठेवायची आणि भर उन्हात तिला उगाच उठवायचं नाही. अंडी देणारी कोंबडी अंगाने भरलेली असते. उन्हात दहा मिनिटं धावली तरी मरू शकते. पहिल्या दोन गोष्टींसाठी मी बावीस वर्षं घाम गाळला. तिसरी आपोआप होते असं धरून चाललो, आणि माझं घोडं पेंड खात होतं ते तिथेच.

मोशीच्या पुढे चाकणच्या रस्त्याला आत वळलं की काकूंचं शेड होतं. काकू मूळच्या मोशीच्या शेतकरी घरातल्या. आजूबाजूची शेतं बघता बघता प्लॉट झाली, प्लॉटवर कंपन्या आल्या, पण काकूंनी शेडची जागा सोडली नाही. मी तिथला सुपरवायझर. म्हणजे खाद्य, पाणी, लसी, अंडी आणि शिव्या, सगळं माझ्याकडे. हाताखाली लातूरकडच्या सुमनबाई होत्या. त्या माझ्यापेक्षा कमी बोलायच्या आणि जास्त बघायच्या, हे मला फार उशिरा समजलं.

आमच्या कोंबड्या पिंजऱ्यात नव्हत्या, भाताच्या तुसाच्या गादीवर मोकळ्या फिरायच्या. खाद्याची भांडी शेडच्या मधोमध एका ओळीत दोरीने टांगलेली. खाल्लेलं पचवताना कोंबडीच्या अंगात उष्णता तयार होते, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर खायला घालायचं. मधल्या वेळात भांडी वर ओढून ठेवायची.

आता माझी करामत सांगतो. शेडच्या भिंतीला लागून एक कंपनी होती. तिचा भोंगा सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेपाचला वाजायचा. माझं बालपण संत तुकाराम नगरात गेलं. वडील कंपनीत होते, आणि आमच्या घरातला चहा, आंघोळ, डबा, सगळं भोंग्यावर चालायचं. तीच शिस्त मी कोंबड्यांना लावली. भोंगा झाला की भांडी खाली. महिन्याभरात अशी तऱ्हा झाली की भोंगा वाजताच अख्खं शेड उठून मधोमध धावायचं. कंपनीला गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी मी पत्र्याचा डबा बडवायचो. बघायला येणाऱ्यांना मी हे मुद्दाम दाखवत असे. "बघा, माझ्या कोंबड्या ड्युटीवर आहेत," असं म्हणायचो. लोक हसायचे आणि मी फुशारायचो.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी ऊन असं तापलं की दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. आम्ही नेहमीची सगळी तयारी केली होती. छपराला चुना मारला, त्यावर गोणपाट अंथरलं, बाजूने ओले पडदे सोडले, टाकीत बर्फाच्या लाद्या टाकल्या. सहा मोठे पंखे सकाळपासून घरघरत होते. तरीही एका सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला अकरा कोंबड्या मेलेल्या सापडल्या. मंगळवारी नऊ. बुधवारी चौदा. सगळ्या शेडच्या मधोमध.

मी काकूंना ताबडतोब कारण सांगितलं. कारण सांगायला मला कधी वेळ लागत नसे. "काकू, पाइप तापतोय. पाणी गरम जातंय." पाइपावर गोणपाट गुंडाळलं. शुक्रवारी पुन्हा दहा मेल्या. "काकू, मधोमध वारा पोचत नाही." दोन पंखे सरकवले. शनिवारी तेरा. "काकू, हे नवीन खाद्य उष्ण आहे." खाद्य बदललं. खाद्यवाला मात्र माझ्याशी बोलेनासा झाला.

काकू रोज दुपारी चारला रिक्षाने यायच्या, पदर तोंडाला लावून मेलेल्या कोंबड्यांच्या ढिगाकडे बघायच्या. त्यांच्या थोरल्या मुलाला, राजेंद्रला, ती जागा गोदामाला भाड्याने द्यायची होती. त्यात त्याचं काही चुकत होतं असं नाही. आजूबाजूला सगळीकडे तेच झालं होतं. काकूंनी त्याला सांगून ठेवलं होतं, "ह्यो उन्हाळा निघाला तर शेड ऱ्हाईल. न्हाई निघाला तर तू म्हनशील तसं." म्हणजे रोज तीनला जो ढीग लागत होता, तो माझ्या नोकरीचा होता, सुमनबाईंच्या चुलीचा होता आणि काकूंच्या हट्टाचा होता.  

डॉक्टर मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी दोन कोंबड्या फाडून बघितल्या आणि म्हणाल्या, "उष्माघातच दिसतोय. पण रोज एकाच वेळी, एकाच जागी? हे मला समजत नाही. नमुने पाठवते. साथीचा रोग निघाला तर सगळा लॉट मारून पुरावा लागेल." मला त्यांचा राग आला. डॉक्टर असून समजत नाही असं म्हणतात म्हणजे काय, असं माझ्या मनात आलं.

नेमका गुरुवारचा दिवस सुमनबाईंनी पकडला. दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी त्या तूस चाळता चाळता म्हणाल्या, "दादा, गुरुवारी एकबी मरंना की. गेल्या गुरुवारीबी मेली न्हवती."

मी वही काढली. खरंच होतं. सगळ्या वारी दहाच्या आसपास, आणि गुरुवारी भोपळा. काकूंना सांगितलं तर त्यांनी हातच जोडले. "दत्ताचा वार हाय. माजा उपास असतोय." मी मानेने हो म्हणालो. पण माझं डोकं भलतीकडेच धावत होतं. गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून वीजवालेही दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतात. सकाळपासून दुपारी साडेतीनपर्यंत लाइट नसते. आमचा जनरेटर बोअरच्या पंपापुरता. म्हणजे गुरुवारी काय बंद असतं?

पंखे!

मला इतका आनंद झाला की मी सुमनबाईंना चहा करून दिला. पंखे बाहेरची गरम झळ आत ओढतात आणि कोंबड्यांना भाजून काढतात. पंखे बंद, कोंबड्या जिवंत. याहून स्वच्छ पुरावा कुठला? सुमनबाई कप हातात धरून म्हणाल्या, "पर दादा, मला तर फॅनखालीच बरं वाटतंय." मी म्हणालो, "तुम्ही कोंबडी आहात का?" आजही ते वाक्य आठवलं की मला कसंसंच होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी बारा वाजता मी सगळे पंखे बंद केले.

एरवी दोन ते तीन मी छपरावर असायचो, गोणपाट भिजवत. सुमनबाई लिंबाखाली भाकरी खाऊन जरा पडायच्या. त्या दिवशी त्यांना पाइप घेऊन वर पाठवलं आणि मी स्वतः आत खुर्ची टाकून बसलो. माझा विजय मला डोळ्यांनी बघायचा होता. शेडमध्ये विलक्षण शांतता होती. पंख्यांची घरघर नसताना ते शेड मी भर दुपारी कधी ऐकलंच नव्हतं. सगळ्या कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख सोडून तुसावर बसलेल्या. धाप लागलेली, पण जागच्या जागी. दोन वाजले, सव्वादोन झाले. एकही मेली नाही. काकूंना काय काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो.

अडीचला शेजारचा भोंगा वाजला.

अख्खं शेड उठलं. सगळ्या एकदम उठल्या आणि मधोमध, टांगलेल्या रिकाम्या भांड्यांखाली धावल्या. एकीवर एक चढली, तिच्यावर तिसरी. वरच्या भांड्यांकडे उड्या मारू लागल्या. तुसाची धूळ उडाली, पुढचं दिसेना. मी ओरडलो, हात हलवले, त्याने त्या अजून बिथरल्या. मी गोठ्यातल्या माणसासारखा "हो, हो" करत होतो आणि त्या माझ्या पायात गुरफटत होत्या. धूळ खाली बसली तेव्हा मधोमध नुसता पिसांचा बांध पडला होता. मी धावत जाऊन पंखे लावले. खालच्या कोंबड्या उचलून बाजूला टाकू लागलो. चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं.

सुमनबाई शिडीवरून उतरून दारात उभ्या राहिल्या.  पाण्याची बादली आणली आणि जिवंत होत्या त्यांच्या चोची बुडवायला लागल्या.

त्या महिन्यापासून कंपनीने दुपारची नवी शिफ्ट सुरू केली होती, आणि तिच्यासाठी अडीचचा नवा भोंगा. छपरावर असताना तो मला रोज ऐकू येत होता. पण चाकणच्या रस्त्याला दहा कंपन्या आणि दहा भोंगे. माझ्या डोक्यात दोनच होते, साडेसहाचा आणि साडेपाचचा. कोंबडीला घड्याळ समजत नाही. तिच्यासाठी भोंगा म्हणजे खाणं, आणि हे मीच तिला शिकवलं होतं. आत रोज हा धुमाकूळ चालत होता, आणि माझ्याच पंख्यांच्या आवाजात तो छपरावर कळत नव्हता. गुरुवारी भोंगा नसायचा, म्हणून मरत नव्हत्या.

इथे माझी मती अजूनही गुंग होते. पंखे बंद केले म्हणून त्या दिवशी चौपट कोंबड्या मेल्या, हे पाप माझं. पण पंखे बंद करून आत बसलो नसतो तर भोंग्याचं कधी कळलं असतं? मग ते पाप म्हणायचं की काय म्हणायचं? विहारात एकदा भन्तेजींना विचारलं. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "सुमनबाईंचं ऐकलं असतं तर?" त्यावर मी घरी निघून आलो.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी मी कंपनीच्या गेटवर गेलो. वॉचमन परभणीकडचा, केबिनमध्ये भोंग्याचं बटण त्याच्याच हाताखाली. मी म्हणालो, "भाऊ, अडीचचा भोंगा पंधरा दिवस वाजवू नका. माझ्या कोंबड्या मरतात."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कोंबड्या?"

"कोंबड्या."

"काका, पाणी प्या आधी," तो म्हणाला आणि बाटली पुढे केली. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, "तुमचं खरं असंल हो. पर भोंगा न्हाई वाजला तर आतले लोक मशीनवरून उठायचे न्हाईत. आन माझी नोकरी जाईल ती येगळीच." त्यालाही काय दोष द्यायचा!

मग आम्ही जे करायचं ते केलं. शेडमध्ये जागोजागी जाळी आडवी लावून आठ खण पाडले, म्हणजे धावल्या तरी सगळ्यांचा एका जागी ढीग होणार नाही. खाद्याची वेळ बदलली. सकाळ-संध्याकाळच्या भोंग्यांच्या अर्धा तास आधी, गुपचूप, आवाज न करता भांडी खाली. डबा बडवणंही बंद. शनिवारी अडीचला उठल्या, जाळीला धडकल्या, थोडा वेळ ओरडल्या आणि बसल्या. तीन गेल्या. रविवारी एक. सोमवारपासून एकही नाही.

मंगळवारी डॉक्टर मॅडमचा फोन आला, रोग नाही. मला वाटलं, जिंकलो. पण राजेंद्र काकूंना घेऊन आला आणि म्हणाला, "काका, रोग नाही हे ठीक आहे. पण भोंग्याने कोंबड्या मरतात हे मी कोणाला सांगू, राव? लोक हसतील. आणि परवापासून ढगही आलेत, ऊन कमी झालंय. त्यानेच थांबलं नसेल कशावरून? गोदामवाले शुक्रवारी येतायत. पुढच्या उन्हाळ्यात परत हेच झालं तर?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "गुरुवारी दुपारी या. भोंगा नसतो. बघा, एक कोंबडी जागची हलली तर नाव बदलेन."

"दाखीव बरं," काकू म्हणाल्या.

गुरुवारी ढग पांगले होते आणि ऊन पुन्हा मी म्हणत होतं. लाइट नव्हती, पंखे बंद. दोन वाजल्यापासून आम्ही चौघं दाराशी उभे. काकू उपाशी, हातात तुळशीची माळ. कोंबड्या आपापल्या खणात चोची उघडून बसलेल्या. सव्वादोन झाले. मी राजेंद्रकडे बघून भुवया उडवल्या.

अडीच वाजले. भोंगा वाजला नाही. सगळ्या कोंबड्या उठल्या.

रोजच्यासारख्याच उठल्या आणि जाळीपर्यंत धावल्या. जाळीने अडवल्या, तिथे दोन मिनिटं कलकलल्या, मग एकेक करत परत येऊन बसल्या.  मागच्या गुरुवारी उठल्या होत्या की नव्हत्या? तेव्हा आत बघायला कोण होतं? आणि उठल्या असतील तर मग मेल्या का नाहीत?

"काका," राजेंद्र म्हणाला, "आता हे कशाने?"

माझ्या तोंडाशी एकदम तीन उत्तरं आली. आम्ही चौघं दारात उभे राहिलो म्हणून. त्यांना आता वेळच कळायला लागली म्हणून. पत्र्यातून उन्हाचा कवडसा त्याच वेळी भांड्यांवर येतो म्हणून. तिन्ही मला खरी वाटत होती आणि तिन्हींवर विश्वास बसत नव्हता. गेल्या पंधरा दिवसांत मी दिलेली सगळी कारणं आठवली. पाइप, वारा, खाद्य, पंखे. पंख्यांनंतर तुसावर पडलेला तो बांध आठवला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

काकू माझ्याकडे वळल्या. 

"सुधाकरा, बावीस वर्सं झाली. पाऊस का वढ देतोय, लाइट का गेली, माजं गुडगं का दुकत्यात, समद्याचं कारण तुज्यापाशी तयार. आज पैल्यांदा म्हनलास, म्हाईत न्हाई."

मी मान खाली घातली. आता सगळं संपलं असं वाटलं.

"सुमन, मेली का गं येखादी?"

सुमनबाई आठही खणांतून फिरून आल्या. "न्हाई काकू. एकबी न्हाई."

"राजा, त्या गोदामवाल्यास्नी फोन कर. उद्या येऊ नगा म्हनावं."

"अगं आई, पण कारण कुठे कळलंय? ह्यांना स्वतःलाच कळलं नाही!"

"व्हय. न्हाई कळलं." काकू रिक्षाकडे निघाल्या. "म्हंजी आता ह्यो रोज आत बसून बघंल."

त्यानंतर सात उन्हाळे मी त्या शेडवर काढले. रोज दुपारी दोनला आत खुर्ची टाकून बसायचो. छपरावर सुमनबाई जायच्या, आणि उतरल्यावर त्यांना काय वाटतंय ते मी आधी विचारायचो. अडीचला कोंबड्या काही दिवस उठायच्या, काही दिवस नाही. भोंगा असून उठल्या नाहीत, भोंगा नसून उठल्या, असंही झालं. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी आत असायचो. त्या सात वर्षांत मधोमध ढीग कधी लागला नाही.